लागतं तेच भांडं

रूथबाई बसलेली मी कधी पाहिली नाही. माझ्या घराच्या पुढच्या खोलीत ती काही वर्षं कामाला होती. खुर्ची होती, टेबल होतं, भिंतीला बाक होता, पण ही बाई उभी. जेवायची उभी, फोनवर बोलायची उभी. कुणी रडायला लागलं तर त्याला बाकावर बसवायची आणि आपण त्याच्यापुढं उभी राहायची. आधी मला वाटलं कमरेचं दुखणं असेल. मग कळलं, खोड आहे. मला ती खोड आवडली नाही. समोर माणूस उभं असलं की आपल्यालाही बसवत नाही. माझे गुडघे गेलेले, तरी ती आली की मी उठून काहीतरी करत राहायचे. तांदूळ निवडायचे असले तरी उभ्यानं निवडायचे.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. वाचता येतं, लिहिताही येतं, पण लिहायची सवय नाही. तरी लिहिते आहे, कारण गावात तिच्याबद्दल दोनच गोष्टी बोलतात. काही म्हणतात देवमाणूस होती. काही म्हणतात लोकांची घरं फोडायला आली होती. दोन्ही बोलणारे तिच्यापासून लांब राहिलेले आहेत. मी तिला रोज पाहिलंय.

कुटुंबांना आणि तरुण पोरांना आधार द्यायचा म्हणून एका संस्थेनं आमच्या भागात केंद्र काढायचं ठरवलं. गावोगाव खोली शोधत हिंडले. आमचं गाव मुळेच्या कालव्यावर, उसाचं आणि कांद्याचं. इथं कांद्याला जागा मिळते, माणसाला मिळत नाही. माझा मुलगा चाकणला कंपनीत, पुढची खोली रिकामी होती, ती मी दिली. त्यांनी बाहेर पाटी लावली. घरातले वाद, मुलांचं शिक्षण, व्यसन, सगळ्यात मदत मिळेल. पाटी चांगली होती. पण समोर टपरी, टपरीवर दिवसभर दहा माणसं, त्यांच्या देखत कोण आपल्या घरातलं भांडण हातात घेऊन त्या खोलीत शिरेल? पहिले कितीतरी दिवस कुणी आलं नाही. एक म्हातारा आला, तो रेशनकार्डाचं विचारायला.

रूथबाई त्या दिवसांत खोलीत येरझाऱ्या घालायची. दारापासून भिंतीपर्यंत, भिंतीपासून दारापर्यंत. मला आत ऐकून चक्कर यायची. शेवटी मी म्हणाले, "अगं बाई, एका जागी थांब. माझी फरशी झिजल."

ती म्हणाली, "मावशी, बरोबर बोललात." आणि पिशवी उचलून चालू लागली ती गावात.

ती नेवाशाकडची. घर पंजोबापासून ख्रिस्ती. वय पन्नाशीच्या पुढं, अंगानं हडकुळी, चष्मा दोरीला बांधून गळ्यात, साडी घोट्याच्या वर, कारण चालताना पायात येते. रोज एसटीनं यायची. आली की "सलाम मावशी" म्हणायची, मी "राम राम" म्हणायचे. शेवटपर्यंत दोघींनीही बदललं नाही.

तिची कामाची रीत अशी की ती कुणाच्या घरी जाऊन काही विचारायची नाही. दारात उभी राहायची आणि भांडं मागायची.

"ताई, जरा परात देता का? देते आणून."

खेड्यात भांडं मागितलं तर नाही म्हणत नाहीत. बरं, नेलेलं भांडं रिकामं परत द्यायचं नसतं, हेही सगळ्यांना ठाऊक. मग चार दिवसांनी ती परातीत बोरं नाहीतर भाजलेल्या शेंगा घालून यायची. घरच्या बाईला ते भांडं रिकामं करून घ्यावं लागायचं. तेवढा वेळ रूथबाई उंबऱ्यात, एक पाय आत, एक पाय बाहेर. तेवढ्यात जे बोलायचं ते बोलून घ्यायची. एकदा नेताना, एकदा देताना, असा एका भांड्यात दोनदा उंबरा मिळायचा. आणि दुसऱ्या वेळी घरच्या बाईला वाटायचं, ही आपल्या ओळखीची.

मी तिला म्हणाले, "मागायचंच तर माळ्यावरचं माग. लोकांची रोजची भांडी कशाला नेतेस?"

"माळ्यावरचं नेलं तर कुणाला आठवण येणार, मावशी? लागतं तेच भांडं मागायचं."

हे मला कळलं ते कांताबाईच्या घरी. कांताबाईचा नवरा बापू आणि पोरगा ओंकार एका घरात राहून एकमेकांशी बोलत नव्हते. ओंकार पोलीस भरतीसाठी पहाटे कालव्याच्या कडेनं पळायचा. दोनदा नापास झालेला. बापूचं म्हणणं, पळायचंच तर उसात पाणी धरायला पळ. त्यावरून तुटलं. मग कांताबाईच्या तोंडून कारभार चालायचा. "त्याला म्हणावं मोटर चालू कर." "त्यांना म्हणावं लाईट न्हाई." दोघं एकाच ओट्यावर बसलेले असायचे.

रूथबाईनं तिथं पोळपाट मागितला.

कांताबाई म्हणाली, "पोळपाट? आन् लाटणं नको?"

"लाटणं आहे माझ्याकडं."

त्या घरात ओंकारसाठी रोज चपात्या लागायच्या, भरतीचं अंग म्हणून. कांताबाई परातीच्या पाठीवर लाटायला लागली. जाड, अर्धवट कच्च्या. दोन दिवस दोघांनी गिळल्या. तिसऱ्या दिवशी बापूनं ताट सरकवलं आणि पोराकडं बघून विचारलं, "पोळपाट कुटं गेला रं?"

"मला काय इचारता? त्या सलामवाल्या बाईनं न्हेला."

"कशाला?"

"मला काय म्हाईत. रांगोळी काढत आसंल."

कांताबाई हे मला सांगताना हसून हसून खोकायला लागली. रूथबाई पोळपाटावर बोरांची पिशवी ठेवून गेली तेव्हा बापू दारातच होता. त्यानं विचारलं, "काय वं बाई, पोळपाट कशाला न्हेल्ता?"

"तुम्ही दोघं बोललात का?"

"बोललो की."

"काय बोललात?"

"पोळपाटाचंच."

"बरं. आता दुसरं काहीतरी बोला," म्हणाली आणि बसची वेळ झाली म्हणून निघाली.

ओंकार भरतीत तिसऱ्यांदाही नापास झाला. आता डेअरीवर दूध मोजतो. बापू आणि तो रोज भांडतात. पूर्वी तेवढंही नव्हतं.

सगळीकडं असं झालं नाही. एका घरी तिनं कळशी परत नेली तर नवऱ्यानं ती तिच्याच अंगावर फेकली. कपाळावर टेंगूळ घेऊन आली. मी हळद लावली, ती उभ्यानंच लावून घेतली. त्या घरची सून पुढं माहेरी गेली ती गेलीच. रूथबाई महिनाभर त्या रस्त्यानं जाताना मान तिकडं वळवायची. तिचं हे एक होतं, जिथं जमलं त्या घराचं नाव काढायची नाही, आणि जिथं जमलं नाही ते घर सोडायची नाही.

मला तिची दुसरी एक सवय मुळीच आवडायची नाही. कुणाच्याही चुलीपाशी जाऊन झाकण उचलून बघायची. माझंही बघायची. मी एकदा हातावर चापट मारली. म्हणाली, "एका घरात दोन वेगळ्या भाज्या शिजत असल्या की कळतं, मावशी." मी म्हणाले, "माझ्याकडं एकीचीच शिजते. झाकण ठेव."

माझ्या पुढच्या खोलीत भांड्यांचा ढीग लागायचा. संस्थेच्या मोठ्या मॅडम पुण्याहून आल्या तेव्हा त्यांनी दारातूनच विचारलं, "हे काय, भांड्यांचं दुकान?"

रूथबाई म्हणाली, "येणं-जाणं आहे, मॅडम."

मॅडम खुर्चीवर बसल्या, ही त्यांच्यापुढं उभी. थोड्या वेळानं मॅडमही उठून उभ्या राहिल्या. मी आतून बघत होते. मला बरं वाटलं, की हे फक्त माझंच होत नाही.

आता मनीषाचं सांगते. ते सांगायचं म्हणूनच लिहायला घेतलं.

माझ्या घरासमोरच्या बोळात शकूबाईचं घर. शकूबाई, तिचा नवरा तात्या, सून मनीषा आणि तीन वर्षांचा नातू शिवम. मनीषाचा नवरा मोटरसायकलवरून येताना उसाच्या ट्रॉलीला मागून धडकून गेला. ट्रॉलीला मागं लाल दिवा नव्हता. पोर तेव्हा रांगत होतं.

मनीषा काही गरीब गाय नव्हती. तोंडानं फटकळ, कामाला चलाख, बारावी सायन्स झालेली. तिला नगरला नर्सिंगला जायचं होतं. नगरचं नाव आता बदललंय, पण आमच्या तोंडात नगरच आहे. तिथं होस्टेलला राहायचं, शिवम आजी-आजोबांजवळ ठेवायचा, शनिवार-रविवार घरी यायचं, असं तिच्या डोक्यात. सासू-सासरे नाही म्हणत होते. शिकली की कमावणार, कमावली की दुसरं लग्न करणार, मग नातूही जाणार, असा त्यांचा हिशेब. एक पोरगा गेलेला, नातवाला ते नजरेआड करत नव्हते.

मनीषाला आई-बाप नव्हते. मामानं वाढवलेली, शेवगावकडच्या रंगनाथमामानं. त्याचंही म्हणणं ठरलेलं होतं. पोर त्यांचं, पोरगी आमची. पोर ठेवा, पोरगी द्या, मी तिचं दुसरं बघतो. त्यानं एक स्थळही बघून ठेवलं होतं.

म्हणजे एकाकडं राहिली तर शिक्षण गेलं, दुसऱ्याकडं गेली तर शिक्षणही गेलं आणि पोरही गेलं. मनीषा पाण्याला आली की हंडा भरून वाहायला लागला तरी नळाखालीच ठेवून उभी राहायची.

रूथबाईनं त्या घरून दुधाचं पातेलं नेलं. स्टीलचं, मोठं, मनीषाच्या आहेरातलं. घरात दोन गाई, संध्याकाळचं दूध त्यातच तापायचं. पण या खेपेला तात्यानं ओळखलं. त्यानं बोळात उभं राहून सांगितलं, "बाई, पातेलं ठेवून घ्या तुमालाच. पर पुन्यांदा हा उंबरा चढू नका. आमच्या घरात काय न्हाई भांडण."

शकूबाई मग दूध दुसऱ्या पातळ बुडाच्या भांड्यात तापवायला लागली. रोज लागायचं. करपल्याचा वास माझ्या घरापर्यंत यायचा, आणि त्यामागून शकूबाईचा आवाज. "चांगलं पातेलं हुतं. दिलं त्या भवानीला."

कॉलेजात नाव घालायचा शेवटचा दिवस सोमवार होता. त्याआधीच्या आठवड्यात रूथबाई सारखी येरझाऱ्या घालत होती. फोन वाजला की "बोल, ऐकतेय" म्हणायची, कुणाचा आहे ते न बघता. माझा गॅसवाल्याचा फोन आला तरी तिनं "बोल, ऐकतेय" म्हणून उचलला. मला म्हणायची, "मावशी, काय करू? पातेलं द्यायला जाऊ का? पण तात्या दारात आहेत."

"मला काय विचारतेस? पगार तू घेतेस."

"तुम्ही शेजारी आहात."

"म्हणूनच मी बोलत नाही."

शुक्रवारी तिला शेवगावकडं जायचं होतं. तिकडच्या एका वस्तीवर जावाजावांचं काम होतं, एकाच भावकीची रांगेनं घरं, तिथल्या कुठल्या तरी सुनेनंही तिला स्टीलचं पातेलंच दिलेलं. खोलीत दोन पातेली, एकाच घाटाची, एकाच दुकानातली असावीत अशी. घाईत निघताना तिनं दोन्ही उलटी केली. एकावर नावच नव्हतं. दुसऱ्यावर मशीननं ठिपक्या-ठिपक्यांत नाव टाकलेलं, रंगनाथ भागूजी, आणि खाली शेवगावकडचं तेच गाव. मनीषा नुसतं मामा म्हणायची, मामाचं नाव हिला ठाऊक नव्हतं. हिनं म्हटलं, शेवगावकडचं ते हेच. शेंगा भरल्या आणि गेली.

आता हे कुणालाही ठाऊक आहे की आहेराच्या भांड्यावर नाव असतं ते देणाऱ्याचं, घेणाऱ्याचं नाही. माझ्या घरातल्या निम्म्या भांड्यांवर मेलेल्या लोकांची नावं आहेत. रूथबाईच्याही घरी तसंच असणार. पण बसची वेळ झाली होती.

त्या वस्तीवर तिनं रस्त्यात विचारलं, रंगनाथ भागूजी कुठं राहतात. लोकांनी दाखवलं. दारात एक बाई आली. ही म्हणाली, "सलाम ताई. तुमचं भांडं. उशीर झाला, राग मानू नका." बाईनं पातेलं घेतलं. ती म्हणाली, "बसा की, चहा ठेवते." ही बसली असती तर पाच मिनिटांत उलगडा झाला असता. पण ही कुठं बसायची. पुढची घरं होती. गेली.

ती बाई म्हणजे मनीषाची मामी.

मामीनं पातेलं फिरवून बघितलं. आपल्या हातानं भाचीच्या लग्नात दिलेलं पातेलं, वर शेंगांनी भरून, अनोळखी बाईच्या हातून परत आलं. आमच्याकडं दिलेली भांडी परत यायला लागली की त्याचा एकच अर्थ असतो, आता मागून पोरगीही परत येणार. मामानं मनीषाला फोन लावला. तो शकूबाईनं उचलला. मामा म्हणाला, "पातेलं का धाडलं?" शकूबाई म्हणाली, "पातेल्याचं तुमाला कुनी सांगितलं? आमच्या घरातलं पातेलं जातं ते तुमच्याकडं कसं येतं?" मग मनीषानं फोन ओढून घेतला. तिला वाटलं सासूनं बाईच्या हातून आपलं सामान पाठवायला सुरुवात केली. सासूला वाटलं सुनेनं त्याच बाईच्या हातून चोरून मामाकडं भांडी पोचवायला सुरुवात केली. घरात जी बोलाचाली झाली ती मी ऐकली, सगळ्या बोळानं ऐकली.

शनिवारी सकाळी टेम्पो आला. मामा, त्याचा पोरगा, आणखी दोघं. मामाच्या हातात ते पातेलं. त्यानं ते शकूबाईच्या ओट्यावर ठेवलं आणि म्हणाला, "घ्या, हे पातेलंच साक्षीला. पोरीचं सामान काढा."

तात्या म्हणाला, "काढा. आमी आडवतो का? पोराला हात लावायचा न्हाई."

"कुनाला पायजे पोर?"

मनीषा दारात. तिनं एकदाच म्हटलं, "मला पायजे." कुणी लक्ष दिलं नाही. कपाट निघालं, गादी निघाली, शिलाई मशीन निघालं. शिवमला टेम्पोची आवड. तो सगळ्यांच्या पायांतून सुटून टेम्पोत चढला, गादीवर उड्या मारायला लागला. तात्यानं जाऊन त्याला बखोटीला धरून उतरवला. पोर रडायला लागलं, टेम्पोसाठी. मनीषानं त्याचा एक हात धरला. तात्यानं दुसरा सोडला नाही.

एवढ्यात बसमधून उतरून रूथबाई बोळात आली. हातात पातेलं, दुसरं, बिननावाचं, शेंगांनी भरलेलं. तिनं ठरवलं होतं की तात्या काही म्हणोत, आज पातेलं द्यायचं आणि उंबऱ्यात उभं राहायचं. टेम्पो बघून थबकली. मग ओट्यावरचं पातेलं बघितलं. हातातलं बघितलं. मी माझ्या दारातून तिचं तोंड बघत होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिचे पाय हलायचे थांबले.

शकूबाई तिच्या हाताकडं बघून म्हणाली, "हे आमचं न्हवं."

"नाही," रूथबाई म्हणाली. "तुमचं ते. मी चुकून मामांच्या घरी दिलं. नाव वाचून दिलं. यात मनीषाचं काही नाही, तुमचंही काही नाही. माझंच आहे."

मामा म्हणाला, "तुमी कोन?"

"मी भांडी नेते."

टेम्पोवाला हसला. मामाला राग आला. "म्हंजी मी टेम्पो करून आलो ते हिच्या चुकीपायी? आन् फोनवर जे बोलले ते? ते बी चुकून बोलले?"

ते खरं होतं. पातेलं चुकून आलं, पण त्यावरून जे निघालं ते आधीपासून आत होतं. तात्या म्हणाला, "झालं ते झालं. सामान भरलंय, जाऊ द्या." पोराचा हात त्यानं सोडला नव्हता.

  मामानं टेम्पोचं फाळकं लावलं. मनीषा पोराच्या हाताला धरून तशीच. मला वाटलं आता ती सोडणार. कुणी तरी सोडलंच असतं, पोर मधोमध ओढलं जात होतं.

शकूबाई खाली वाकली. ओट्यावरचं पातेलं उचललं, पदरानं आतून पुसलं, आणि मनीषाकडं न बघता म्हणाली, "सकाळचं दूध तसंच पडलंय. नासंल. आत घे आन् तापव."

मनीषा म्हणाली, "मी चाललेय."

"कुटं चाललीस? दूध कोन तापवल?"

 मामा काहीतरी बोलणार होता, त्याला टेम्पोवाल्यानं कोपरानं ढोसलं.

मग रूथबाई पुढं झाली. तिनं एक पाय उंबऱ्यात ठेवला आणि म्हणाली, "आज मनीषा तापवील. सोमवारपासून तुम्ही तापवायचं, शकूबाई. ती नगरला जाईल. पोर तुमच्यापाशी."

"आन् आली न्हाई म्हंजी?"

"पोर इथं आहे. येईल."

"पोर तिथं बोलवून घेतलं म्हंजी?"

"दर शनिवारी मी बसनं तिच्याबरोबर येईन. एक शनिवार चुकला तर माझ्या दाराशी येऊन बसा."

शकूबाई म्हणाली, "तुमच्या दाराशी बसायला जागा तरी हाय का? तुमी सोता कदी बसत न्हाई." बोळ हसला. तात्या हसला नाही, पण त्यानं पोराचा हात सोडला. पोर पळत जाऊन पुन्हा टेम्पोत चढलं.

सामान पुन्हा उतरवून मामा शिव्या देत गेला. टेम्पोचं भाडं कुणी द्यायचं यावरून निघताना आणखी एक वाद झाला, तो मी ऐकला नाही, मी आत गेले. माझे गुडघे दुखत होते.

सोमवारी रूथबाई मनीषाला घेऊन गेली. पुढं दर शनिवारी दोघी संध्याकाळच्या बसनं उतरायच्या. रूथबाईला शनिवारी सुट्टी असायची, तरी यायची, मनीषाला बोळाच्या तोंडापर्यंत सोडायची आणि त्याच बसनं परत फिरायची. पावसाळ्यात एकदा कालव्याच्या पुलावर पाणी आलं, बस आली नाही. शकूबाई अंधार पडेपर्यंत रस्त्याच्या कडेला नातवाला कडेवर घेऊन उभी. मी म्हणाले, "घरात ये, भिजशील." म्हणाली, "शब्द दिलाय तिनं." कुठल्या तरी ट्रॅक्टरवर बसून, म्हणजे मनीषा बसून आणि रूथबाई उभी राहून, त्या आल्या. शकूबाईनं सुनेला काही विचारलं नाही. रूथबाईला म्हणाली, "एवढा उशीर?"

सगळं गोड झालं असं समजू नका. शकूबाई अजून सुनेच्या पिशव्या तपासते. मनीषाही उलट बोलते. मामानं बोलणं टाकलंय. पण पोर दोघींचं आहे, आणि तिचं शिक्षण या वर्षी संपतंय.

केंद्र मात्र बंद झालं. संस्थेला वरून मदत मिळायची ती थांबली म्हणे. पाटी काढायला दोन माणसं आली. भिंतीला खिळ्यांची भोकं तशीच आहेत. रूथबाईनं सगळ्यांची भांडी एकेक करून पोचवली, या वेळी प्रत्येक घरात दोनदा विचारून. शेवटच्या दिवशी खोली झाडून झाली, किल्ली माझ्या हातात दिली, आणि तशीच उभी राहिली.

"मावशी, चाळण देता का?"

"कशाला?"

"देते आणून."

"माझ्या घरात कोण भांडतंय? मी एकटी."

"ठाऊक आहे. द्या."

मी दिली. पिठाची चाळण, रोजची. ती पिशवीत घालून गेली.

परवा डोळे दाखवायला नगरला गेले होते. स्टँडवर आमच्या गाडीची वाट बघत बसले होते, तर समोरच्या फलाटावर ती दिसली. केस पांढरे झालेत. बाक रिकामा होता, ही त्याच्यापुढं इकडून तिकडं. हातात कुणाचं तरी पातेलं, वर फडकं बांधलेलं. मी हाक मारली. ती मधली जागा ओलांडून आली.

"सलाम मावशी. डोळ्याचं काय म्हणतात?"

"राम राम. एका डोळ्यात मोतीबिंदू आहे. काढायचाय. तू कुठं असतेस?"

"पारनेरकडं. दुसरी संस्था आहे. तिथंही तेच."

"हे कुणाचं?"

तिनं पातेलं थोडं उलटं करून बघितलं. "नाव आहे यावर. पण आता मी नावावर जात नाही."

"आणि माझी चाळण?"

"आहे की. देते आणून."

तेवढ्यात तिची बस लागली. कंडक्टर तिला म्हणाला, बाई, आत जागा आहे, बसून घ्या. ती दारातल्या दांड्याला धरून उभी राहिली, पातेलं पोटाशी. बस वळेपर्यंत ती तशीच दिसत होती.

दळण आलं की मी शकूबाईकडून चाळण मागून आणते. ती कटकट करते, पण देते. मीही ती रिकामी परत करत नाही. दुकानात चाळणी टांगलेल्या असतात, स्वस्त असतात. मी दुसरी घेतलेली नाही.